चार मिनिटांची पेशी: सीओचा अधिकार आणि एका नाईकाचं प्रकरण

माझ्या भाच्याला सीओसाहेबांसमोर, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, पहिल्यांदा पेश केलं तेव्हा तो आत किती वेळ होता हे मी त्याला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, चार मिनिटं. तीन महिन्यांनी त्याच ऑफिसात, त्याच आरोपावर तो परत उभा राहिला तेव्हा आत चाळीस मिनिटं लागली. पहिल्या पेशीनंतर घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की नोकरी गेली. दुसरीनंतर काय झालं ते खाली सांगतोच.

आधी माझं सांगतो. मी फौजेत सव्वीस वर्षं क्लार्क होतो, हेड क्लार्क म्हणून रिटायर झालो, आता वानवडीत राहतो. चार्जशीट, समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधी लिहून घेतलेल्या साक्षी), पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदींचा हुकूम) हे सगळं माझ्या हाताने टाइप झालेलं आहे, त्यामुळे कागद कसा हलतो हे मला माहीत आहे. युनिटचं नाव, आर्म, साल काहीच लिहीत नाही, भाचा अजून नोकरीत आहे आणि त्याला विचारूनच लिहितोय. साताऱ्याकडचा पोरगा, नाईक (साध्या जवानाच्या वरचा हुद्दा), एमटी सेक्शनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विभागात, ड्रायव्हर, पोस्टिंग पुण्यात.

झालं असं की महिनाअखेरीच्या स्टॉक चेकमध्ये दोनशे दहा लिटर डिझेल कमी भरलं. त्याच आठवड्यात घोरपडीच्या बाजूला पोलिसांनी एक खाजगी टेम्पो पकडला, त्यात डिझेलचे कॅन, टेम्पोवाला म्हणाला एका फौजी ट्रकवाल्याकडून घेतले, नाव माहीत नाही, ट्रकच्या नंबरातले शेवटचे आकडे तेवढे लक्षात आहेत. ते आकडे भाच्याच्या नावावर इश्यू असलेल्या गाडीचे निघाले. झालं, एवढ्यावर दोन्हीकडून नाव एकच आलं. युनिटमध्ये पीओएलच्या (पेट्रोल-डिझेल-तेलाच्या) स्टोअरवाल्यानेही सांगितलं की अमुक तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास मी त्याला ट्रकपाशी कॅन भरताना पाहिलं. भाच्याला क्लोज अरेस्टमध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या अटकेत, घेतलं.

आता लोक मला विचारतात की फौजेत गुन्हा झाला तर तपास कोण करतं, मिलिटरी पोलीस ना? मिलिटरी पोलीस मदत करतात, चौकशी करून रिपोर्ट देतात, पण त्या रिपोर्टचं पुढे काय करायचं हे ठरवण्याची गाडी कमांडिंग ऑफिसरपासून सुरू होते. आर्मी अ‍ॅक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ मध्ये सीओ हा नुसता साहेब नाही. कोणाला अटकेत ठेवायचं, आरोप ऐकायचा का, पुरावा लिहून घ्यायचा का, तिथेच सेक्शन ८० खाली शिक्षा देऊन संपवायचं का, वर पाठवायचं का, की स्वतःच समरी कोर्ट मार्शल घ्यायचं, हे सगळं त्याच्या टेबलावर येतं. समरी कोर्ट मार्शलमध्ये तर कोर्ट म्हणजे एकटा सीओच, बाजूला दोन ऑफिसर किंवा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, सुभेदार वगैरे) बसतात पण त्यांचं मत मोजलं जात नाही. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्याच्यावरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि डिसमिसल (नोकरीतून काढणं) देऊ शकतो, त्याच्या खालचा असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद. जवानाला तिथे फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्यूज्ड म्हणून कोणी सोबत मिळतो, पण तो उठून साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, कानात सांगू शकतो एवढंच.

इतका अधिकार एका माणसाच्या हातात देताना कायद्याने त्याला लगामही घातलेत, आणि हे लगाम जवानाला माहीत नसतात, खरं सांगायचं तर बऱ्याच तरुण ऑफिसरांनाही नीट माहीत नसतात. पहिला लगाम ४८ तासांचा. अटकेत घेतलेल्या माणसाच्या आरोपाची चौकशी सीओने ४८ तासांत सुरू करायलाच पाहिजे, शक्य नसेल तर कारणासकट वर कळवायला पाहिजे. भाच्याच्या केसमध्ये हे पाळलं गेलं, तिसऱ्या दिवशी त्याला ओपन अरेस्टमध्ये (पहाऱ्याशिवायच्या अटकेत) टाकलं आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, सीओआय म्हणतात ती, नाव कोर्ट पण काम फक्त चौकशीचं. इथपर्यंत मला काही खटकलं नाही.

पोलिसांची बाजू आधी उरकतो. टेम्पोवाल्यावर शहरात चोरीच्या मालाचा गुन्हा दाखल झाला, त्यात भाच्याचंही नाव आलं, समन्स आलं, तो एस्कॉर्टसोबत मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला. माझ्या बहिणीला वाटलं आता फौजवाले त्याला पोलिसांच्या ताब्यात देऊन मोकळे होतात. तसं होत नाही. एकाच गुन्ह्यावर साधं कोर्ट आणि कोर्ट मार्शल दोन्ही चालू शकत असतील तर कुठे चालवायचं ते सेक्शन १२५ खाली लष्कर आधी ठरवतं, आणि हा निर्णय सीओचा नाही, आर्मी, कोअर, डिव्हिजन किंवा इंडिपेंडंट ब्रिगेडच्या कमांडरचा किंवा सरकारने नेमून दिलेल्या ऑफिसरचा आहे. हे मुद्दाम सांगतो कारण युनिटमध्ये सर्रास म्हणतात की सीओने केस फौजेत खेचून आणली. मॅजिस्ट्रेट १९७८ च्या नियमांप्रमाणे लेखी नोटीस देतो आणि पंधरा दिवस थांबतो, तेवढ्यात लष्कराकडून आम्ही कोर्ट मार्शल करतो असं आलं तर आरोपी कागदपत्रांसकट त्यांच्याकडे सोपवतो. आणि तिथून विषय संपत नाही, पुढे काय केलं ते मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं, म्हणजे माणूस आणला आणि फाइल कपाटात टाकली असं चालत नाही. खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे तीन गुन्हे सिव्हिलियनविरुद्ध झाले तर शांततेच्या काळात देशात कोर्ट मार्शल ते चालवूच शकत नाही, ते थेट साध्या कोर्टात. भाच्याची केस डिझेलची, सरकारी मालाची चोरी, सेक्शन ५२, दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद. लष्कराने ती मागून घेतली.

आता खरी गोष्ट. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत भाच्याला एकदाच बोलावलं, साक्षीदार म्हणून, दुपारी दीड तास. बाकी साक्षी कधी झाल्या त्याला माहीत नाही. त्या दीड तासाच्या शेवटी त्याचं स्टेटमेंट टाइप होऊन समोर आलं, हिंदीत, आणि शेवटची ओळ अशी होती की मुझसे गलती हुई है, मुझे माफ किया जाए. त्याने सही केली. मला फोनवर म्हणाला, मामा, साहेब म्हणाले सही कर म्हणजे मॅटर युनिटमध्येच संपेल. मी विचारलं, अरे पण गलती कसली? तर म्हणाला, कार डायरी (गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही) त्या दिवशी मी साइन करून घेतली नव्हती, ती गलती. म्हणजे पोरगा कार डायरीची माफी मागत होता आणि कागद वाचणारा ती डिझेलची समजत होता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण असे कागद मी टाइप केलेत. माझ्या नोकरीत अशी ओळ कोणी सांगितली की मीही टाकली असेल, त्या वेळी कधी थांबून विचार केला नाही, आणि हे आज लिहिताना मनाला लागतं.

या टप्प्यावर दोन नियम बघायला लागतात. एक, रूल १८०. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एखाद्या माणसाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी नावावर डाग येण्यासारखं काही असेल तर त्याला इन्क्वायरी चालू असताना पूर्ण वेळ हजर राहायची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची, स्वतःचे साक्षीदार आणायची संधी दिलीच पाहिजे. पूर्ण वेळ म्हणजे पूर्ण वेळ, दीड तास नाही. दोन, रूल १८२. इन्क्वायरीत दिलेलं स्टेटमेंट, कबुली, उत्तर, काहीही त्या माणसाविरुद्ध खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडून. म्हणजे ती माफीची ओळ पुरावा म्हणून शून्य. पण ती फाइलीत सगळ्यात वर असते आणि सीओ फाइल उघडतो तेव्हा आधी तीच वाचतो. कायद्यात शून्य असलेली गोष्ट माणसाच्या डोक्यात शून्य राहत नाही.

मग पहिली पेशी. रूल २२ सांगतो की प्रत्येक आरोप सीओने आरोपीच्या हजेरीत ऐकायचा, आरोपीला विरुद्ध साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची पूर्ण मोकळीक, स्वतःचे साक्षीदार बोलवायची, स्वतःचं म्हणणं मांडायची मोकळीक. प्रत्यक्षात काय झालं ते भाच्याने सांगितलं तसं लिहितो. टोपी आणि बेल्ट उतरवला, एस्कॉर्ट पुढे-मागे, सुभेदार मेजर साहेबांनी मार्च अप केलं, आत गेल्यावर अ‍ॅडज्युटंटने (सीओचा कामकाज बघणारा ऑफिसर) आरोप वाचला, सीओसाहेबांनी विचारलं, कुछ कहना है? तो म्हणाला, साब मैंने नहीं किया. साहेब म्हणाले, सीओआय में तो तूने माफी मांगी है. तो गप्प. समरी ऑफ एव्हिडन्स रेकॉर्ड करा असा हुकूम झाला आणि मार्च आउट. स्टोअरवाला तिथे हजरच नव्हता, एकही साक्षीदार नव्हता. प्रश्न विचारायचे तर कोणाला?

मी रविवारी त्याला भेटलो, एम्प्रेस गार्डनच्या गेटबाहेर चहा घेत बसलो आणि त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं, तारखा, वेळा, कोण कुठे उभं होतं. मग अर्ज तयार केला. त्यात रडगाणं काही नव्हतं, दोनच मुद्दे. माझा चार्ज रूल २२ प्रमाणे साक्षीदारांच्या समोर ऐकला गेला नाही, तो ऐकावा. आणि त्या तारखेचं एमटी गेटचं इन-आउट रजिस्टर आणि माझी कार डायरी मागवावी.

युनिटकडून तोंडी उत्तर आलं की सीओआय झालेली असली की हिअरिंगची गरज नसते. हे अर्धं खरं आहे. रूल २२ ला खाली एक जोड आहे, आरोप कोर्ट ऑफ इन्क्वायरीतून निघाला असेल आणि तिथे त्या आरोपीच्या बाबतीत रूल १८० पाळला गेला असेल तर सीओ ही सुनावणी वगळू शकतो. पण अट महत्त्वाची, १८० पाळला गेला असेल तर. जो माणूस दीड तास साक्षीदार म्हणून बसला त्याच्या बाबतीत १८० पाळला असं म्हणायचं कसं? ही जोड म्हणजे पळवाट नाही, एकदा पूर्ण ऐकलेलं परत ऐकायला लावू नका एवढ्यासाठी आहे. आधीच कोणी ऐकलंच नाही तर सीओने ऐकायलाच पाहिजे. हे मी भाच्याला वहीत लिहून दिलं आणि पाठ कर म्हणलं.

या मधल्या काळात जुने सीओ बदली होऊन गेले, नवे आले. त्यांच्याशी मी कधी प्रत्यक्ष बोललो नाही, त्यांना बघितलंही नाही, पण त्यांनी फाइल वाचून वरच्या हेडक्वार्टरच्या जॅग ब्रँचचं, म्हणजे लष्कराच्या कायदा शाखेचं, मत मागवलं आणि समरी ऑफ एव्हिडन्स बाजूला ठेवून हिअरिंग नव्याने लावलं. हे करायला मनाचा मोठेपणा लागतो, कारण आपल्या आधीच्या सीओचं काम चुकलं असं लेखी मान्य करावं लागतं.

दुसरी पेशी. टोपी-बेल्ट तसाच उतरवलेला, मार्च अप तसंच. पण या वेळी स्टोअरवाला आत उभा, एमटी जेसीओ साहेब आत, आणि टेबलावर दोन रजिस्टर. साहेबांनी आधीच सांगितलं की हे कोर्ट नाही, पण तू जे विचारशील ते लिहिलं जाईल, घाई करू नकोस. भाच्याने चार प्रश्न विचारले, मी पाच लिहून दिले होते, एक तो घाबरून विसरला.

पहिला, तू मला किती वाजता पाहिलं? स्टोअरवाला म्हणाला, सात-सव्वासात. दुसरा, माझा चेहरा पाहिला की गाडी पाहिली? तो थोडा थांबला, मग म्हणाला, गाडी तेरी थी, अंधेरा था. तिसरा प्रश्न एमटी जेसीओ साहेबांना, त्या दिवशी मला कुठली गाडी दिली होती? त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं की त्याची गाडी उभी होती, त्याला दुसरी देऊन खडकवासल्याला पाठवलं होतं. चौथा, ती दुसरी गाडी गेटमधून आत कधी आली? सीओसाहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं, बोट ठेवून ओळ वाचली. इन, २१:४०. भाचा सांगतो त्यानंतर कितीतरी वेळ कोणी बोललं नाही, साहेब ती ओळ परत परत बघत होते आणि मग त्यांनी मागची दोन पानं उलटून सही कोणाची आहे तेही बघितलं.

म्हणजे सात वाजता हा माणूस खडकवासल्यात किंवा वाटेवर. त्याची नेहमीची गाडी युनिटमध्ये उभी, आणि तिच्यापाशी दुसरं कोणीतरी. टेम्पोवाल्यानेही नंबरच सांगितला होता, माणूस ओळखलेला नव्हता, ओळख परेड कधी झालीच नव्हती. हे रजिस्टर कोर्ट ऑफ इन्क्वायरीने मागवलंच नव्हतं. पंचवीस पावलांवर एमटी गेट, आणि महिनोन्महिने कोणी तिथे जाऊन एक पान उलटलं नाही, कारण माफीची ओळ हातात होती.

रूल २२ मध्येच पुढे लिहिलंय की पुराव्यातून गुन्हा दिसत नसेल तर सीओने आरोप डिसमिस करायचा, आणि शब्द असा आहे की करायचाच, ही मेहेरबानी नाही. चोरीचा आरोप डिसमिस झाला. कार डायरीवर सही घेतली नव्हती ती चूक खरी होती, त्याचा वेगळा चार्ज लावून सेक्शन ८० खाली रेप्रिमांड, म्हणजे ठपका, मिळाला. नाईक असल्यामुळे सीओ त्याला सेक्शन ८० मध्ये कैद किंवा डिटेन्शन (कोठडी) देऊच शकत नव्हता, साध्या जवानाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत देता येते. मॅजिस्ट्रेटला कागदोपत्री कळवलं गेलं. डिझेलची इन्क्वायरी नव्याने बसली, तिथे कोणावर काय आलं ते मी लिहिणार नाही, तोही कोणाचा तरी पोरगा आहे.

आता माझं मत, ज्याला पटेल त्याने घ्यावं. बरेच जण म्हणतात सीओकडून हे अधिकार काढूनच घ्या. बाहेर तसं चाललंयही. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत सीओचे हात बरेच बांधले, त्याने ते सर्व्हिस पोलिसांना कळवायलाच पाहिजेत. अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून खून, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र वकील अधिकारी ठरवतात. गंभीर गुन्ह्यांत हे मला पटतं, सीओला स्वतःच्या युनिटचं नाव जपायचं असतं आणि तक्रार करणारीवर किंवा करणाऱ्यावर त्याचं दडपण येतं. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये रणजित ठाकूरच्या केसमध्ये बघितलं की ज्या ऑफिसरविरुद्ध जवानाने वर तक्रार केली होती तोच ऑफिसर समरी कोर्ट मार्शलमध्ये बसला, जेवायला नकार दिला या आरोपावर एक वर्ष कैद आणि डिसमिसल दिली. कोर्टाने ती सगळी कारवाईच रद्द केली, पक्षपाताचा मुद्दा मानला आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने भयंकर आहे असंही म्हणलं. ज्याला समरी कोर्ट मार्शलमध्ये डिसमिसल किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली तो आज आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये (फौजेच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण) जाऊ शकतो, आपल्याला मुंबई बेंच. पण तिथे पोहोचेपर्यंत पगार बंद, क्वार्टर सोडलेलं, पोरांची शाळा बदललेली असते.

पण गेट रजिस्टर बघायला हवं हे नव्या सीओला का सुचलं? कारण त्याला एमटी गेट कसं चालतं ते माहीत आहे, कार डायरी म्हणजे काय, दुसरी गाडी इश्यू होते म्हणजे काय, हे त्याला समजावून द्यावं लागलं नाही. बाहेरच्या वकिलाला ते समजायला दोन तारखा गेल्या असत्या. सीओच्या अधिकाराची ताकद मला इथे दिसते, आणि म्हणून जुन्या सीओंचा मला राग आहे, अधिकार जास्त वापरला म्हणून नाही, ऐकायचा अधिकार वापरलाच नाही म्हणून. जो जवान हे वाचत असेल त्याला एवढंच सांगतो, इन्क्वायरीत हिंदी-इंग्लिश जे काही टाइप होऊन येईल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाच, समजलं नाही तर सही करायच्या आधी समजावून मागून घे, आणि तुझ्या नावावर बोट येतंय असं वाटलं तर तिथेच सांग की मला रूल १८० प्रमाणे पूर्ण वेळ बसायचंय. असं बोलल्याने कोणी उद्धट होत नाही.

त्या इन्क्वायरीच्या फाइलीत ती माफीची ओळ अजून आहे, त्याच्या सहीवर. गेल्या महिन्यात सुट्टीवर जाता जाता एक रात्र माझ्याकडे थांबला, जेवण झाल्यावर मामीसमोरच विचारलं, मामा, ती ओळ कधी निघेल का? मी म्हणलं, नाही रे, फाइल आहे तोवर ती आहे. तो बराच वेळ ताटाकडे बघत बसला, मग उठला आणि सकाळच्या साताऱ्याच्या गाडीसाठी बॅग भरायला लागला.